गर्भाशयाच्या अस्तराचे कर्तृत्व

कामगारांच्या सभांतून ज्याचे आयुष्य गेले त्याने गर्भाशयाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. या विषयातले जे थोडेफार कळले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. परंतु ज्या माणसांत आम्ही वावरतो त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या तोंडी गर्भाशयाला एकच शब्द आहे : पिशवी. ‘पिशवीला सूज आली’, ‘पिशवी खाली आली’, ‘पिशवी काढून टाकली’. शब्द घरगुती आहे, सोयीचाही आहे. पण त्याने एक मोठा गैरसमज आपल्या समाजात रुजवला आहे. पिशवीला स्वतःचे काम नसते. तिच्यात वस्तू ठेवायची, वस्तू काढायची, आणि गरज संपली की ती टाकून द्यायची. गर्भाशयाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्याच्या आतले अस्तर हे स्वतः माल तयार करणारे खाते आहे, आणि तो माल म्हणजे नाना प्रकारची प्रथिने. ती कोणती व कशासाठी, हे समजून घेणे केवळ परीक्षेपुरते उपयोगी नाही. ते समजले नाही म्हणून आपल्या महाराष्ट्रात हजारो बायकांचे नुकसान झाले आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम रचना पाहू. गर्भाशयाची भिंत जाड स्नायूंची असते आणि तिला आतून मऊ अस्तर असते. कोटाचे अस्तर नुसते झाकण्यासाठी असते, हे तसे नाही. यात हजारो बारीक नळकांड्यांसारख्या ग्रंथी असतात, त्यांच्यामध्ये पेशींचा भराव असतो आणि त्यांतून नागमोडी रक्तवाहिन्या वर चढलेल्या असतात. अस्तराचे दोन थर. तळचा थर कायम राहतो, वरचा दरमहा गळतो आणि तळच्या थरातून पुन्हा उभा राहतो. पाळी संपते तेव्हा हे अस्तर दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असते. मग बीजकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते वाढू लागते. बीज सुटले की बीजकोशात पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक येते. तोवर अस्तराची जाडी दहा मिलिमीटरच्या आसपास गेलेली असते, आणि आता ग्रंथी स्रवू लागतात.

जुन्या पुस्तकांत याचे चित्र असे असे : मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी बीजकोशाला हुकूम देते, बीजकोश अस्तराला हुकूम देतो, आणि अस्तर मुकाट्याने वाढते किंवा गळते. हुकूम खोटे नाहीत. पण हुकूम निघाला म्हणजे माल तयार झाला असे कोणत्याही कारखान्यात होत नाही. माल तयार करणारे हात वेगळे असतात. अस्तराच्या बाबतीत ते हात अस्तराचेच आहेत, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. परंतु शरीरातील प्रत्येक पेशी स्वतःची प्रथिने घडवते. त्यांतली काही बांधकामाच्या उपयोगी पडतात, काही हत्यारांसारखी कापण्या-जोडण्याची कामे करतात, काही शेजारच्या पेशीला निरोप पोचवतात. एखाद्या अवयवात सापडलेले प्रथिन तिथेच बनले की रक्तातून वाहत आले, हे ओळखणे सोपे नसते. गर्भाशयाविषयीचा सारा वाद याच प्रश्नाभोवती फिरला.

१९६७ साली आर. एस. कृष्णन आणि जोसेफ डॅनियल या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. गर्भारपणाच्या पहिल्या दिवसांत सशाचे गर्भाशय धुऊन ते पाणी त्यांनी तपासले, तेव्हा त्यात एक विशेष प्रथिन भरपूर प्रमाणात आढळले. त्याला त्यांनी ब्लास्टोकायनिन असे नाव दिले. पुढच्याच वर्षी जर्मनीत हेनिंग बायर यांनी त्याच प्रथिनाला युटेरोग्लोबिन म्हटले, म्हणजे गर्भाशयाचे गोलप्रथिन. पुढे हेच प्रथिन फुप्फुसाच्या श्वासनलिकांतही तयार होते असे आढळले. नाव गर्भाशयाचे पडले, पण मालकी दोघांची निघाली. तरीही त्या शोधाने एक वाट मोकळी झाली. गर्भाशयातल्या पाण्यात काय आहे आणि ते कोणी घातले, हे विचारायची सवय लागली.

माणसांतली गोष्ट याहून मजेची आहे. जर्मनीतील मारबुर्ग येथे हान्स बोन हे बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून एकामागून एक प्रथिने वेगळी करीत होते आणि त्यांना अनुक्रमांक देत होते. चौदाव्याचे नाव ‘वारेतील प्रथिन क्रमांक १४’. साहजिकच सर्वांची समजूत झाली की ते वार तयार करते. तेच प्रथिन इतर देशांतल्या संशोधकांना गर्भजलात व अन्यत्र सापडले आणि प्रत्येकाने आपापले नाव ठेवले. एकाच इसमाची अर्धा डझन नावे हजेरीपटावर लागावीत, तसा प्रकार झाला. १९८० नंतरच्या दशकात, मुख्यतः फिनलंडमधील हेलसिंकी येथे मार्कु सेप्पाला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, उलगडा झाला. हे प्रथिन वारेचे नव्हतेच. वारेला चिकटून आलेल्या आईच्या अस्तराचे ते होते, आणि ते घडवणाऱ्या पेशी अस्तरातील ग्रंथींच्या होत्या. आज त्याला ग्लायकोडेलिन म्हणतात. काम एकाने करावे आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची लागावी, हा प्रकार कामगार चळवळीत आम्ही पुष्कळ पाहिला. तो पेशींच्या जगातही घडतो, हे पाहून करमणूक झाली.

ग्लायकोडेलिनची हजेरी फार शिस्तीची आहे. महिन्याच्या मध्याला, म्हणजे बीज सुटून फलन होण्याच्या दिवसांत, ते अस्तरात जवळजवळ नसते. बीज सुटल्यावर चार-पाच दिवसांनी ते दिसू लागते आणि वाढत जाते. याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. हे प्रथिन शुक्रजंतूला बीजाच्या कवचाला चिकटू देत नाही, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तेव्हा फलनाच्या दिवसांत ते दूर असणेच बरे. गर्भ रुजण्याच्या दिवसांत मात्र त्याची गरज असते, कारण आईच्या शरीरातील परक्याला हाकलणाऱ्या पेशींना ते आवरते, असेही प्रयोगांत आढळले आहे. गर्भ निम्मा बापाचा असतो, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका. त्याला राहू द्यायचे तर दारावरच्या पहारेकऱ्याला कोणी तरी समजावले पाहिजे. पुरुषाच्या वीर्यातही याच प्रथिनाचे एक रूप असते. साखळी तीच, पण तिच्यावर जडवलेल्या शर्करा निराळ्या, आणि ते रूप शुक्रजंतूला अडवीत नाही. शर्करेच्या नुसत्या जडावाने काम बदलते.

आणखी एक नाते आपल्या ओळखीचे आहे. गाईच्या दुधाचे दही लावून मुरवले की वर जे निवळ पाणी सुटते, त्यातले प्रमुख प्रथिन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते स्त्रीच्या दुधात नसते. पण ग्लायकोडेलिनची घडण त्याच्याशी जवळून जुळते. दोघे एकाच घराण्यातले आहेत. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी गर्भाशयाच्या या स्रावाला ‘गर्भाशयाचे दूध’ म्हटले होते. त्यांच्या हाती रसायनशास्त्र नव्हते, पण उपमा चुकली नव्हती.

हे दूध खरोखरच पाजले जाते. गर्भाला आईच्या रक्तातून वारेमार्फत पोषण मिळते, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण पहिल्या दिवसापासून खरे नाही. सुरुवातीच्या सुमारे दहा आठवड्यांत वारेकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडे गर्भाच्याच पेशींनी बुजलेली असतात, आणि आईचे रक्त तिथे मोकळेपणी खेळत नाही. मग या काळात, जेव्हा हृदय, मेंदू, हातपाय यांची मांडणी होते, तेव्हा गर्भ जगतो कशावर? ग्रॅहॅम बर्टन, एरिक जॉनिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याचे उत्तर दिले. अस्तरातील ग्रंथी आपला स्राव वारेभोवतीच्या पोकळीत सोडतात आणि वारेच्या पेशी तो शोषून घेतात. पुरावा म्हणून त्यांनी वापरले ते ग्लायकोडेलिनच. ते ग्रंथींत दिसले, पोकळीत दिसले आणि वारेच्या बाह्य थरातही दिसले. पहिल्या तिमाहीची शिदोरी अस्तर स्वतः बांधून देते, असा याचा अर्थ.

दुसरे उदाहरण प्रोलॅक्टिनचे. बाळंतिणीला दूध आणणारे हे प्रथिन-संप्रेरक पियूषिकेतून येते, हे सर्वमान्य होते. गर्भजलातही ते फार मोठ्या प्रमाणावर असते, म्हणून तेही पियूषिकेतूनच झिरपत असावे, असा तर्क होता. परंतु ब्रोमोक्रिप्टिन हे औषध दिले असता पियूषिकेचे काम मंदावते, रक्तातले प्रोलॅक्टिन घसरते, आणि गर्भजलातले मात्र तसेच राहते. म्हणजे त्याचा पुरवठा दुसरीकडून होता. १९७७ च्या सुमारास तो पुरवठादार सापडला : गर्भाशयाचे अस्तर. मध्यवर्ती कचेरी बंद पडली तरी स्थानिक शाखा आपले काम चालू ठेवते, तसे हे झाले.

हे प्रोलॅक्टिन घडवणाऱ्या पेशी कोणत्या, तेही सांगितले पाहिजे. अस्तराच्या भरावातल्या पेशी एरवी गिरणीतल्या चातीसारख्या लांबट व दोन्हीकडे निमुळत्या असतात. प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली त्या गोल व भरीव होतात आणि नवी प्रथिने घडवू लागतात. गाय, म्हैस, शेळी यांच्यात असे घडत नाही. उंदरात घडते, पण गर्भ येऊन टेकल्यावर. स्त्रीच्या शरीरात ही तयारी गर्भाची वाट न पाहता दरमहा होते. गर्भ आला नाही तर प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तरातच तयार होणारी काही विकरे ते विरघळवू लागतात, आणि वरचा थर रक्ताबरोबर बाहेर पडतो. गिरणीत पाळी म्हणजे कामाची वेळ, आणि घरात पाळी म्हणजे बाईने बाजूला बसायचे दिवस. आम्हांला वाटते की गिरणीतला अर्थच इथेही लावावा. जे वाहून जाते तो विटाळ नसून एका संपलेल्या पाळीतला, न खपलेला पण अस्सल माल आहे.

ही प्रथिने नसली तर काय होते, याचीही परीक्षा झाली आहे. रक्ताच्या कर्करोगातील पेशींची वाढ रोखणारे म्हणून एक प्रथिन ओळखले गेले होते. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव लिफ. १९९२ साली कॉलिन स्ट्युअर्ट व सहकाऱ्यांनी लिफ तयार न करणाऱ्या उंदरिणी पैदा केल्या. त्यांना बीजे होत, फलन होई, गर्भही धडधाकट असत, पण एकही रुजत नसे. तेच गर्भ दुसऱ्या, साध्या उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवले की रुजत आणि पिले होत. उणीव गर्भात नव्हती, अस्तरात होती. मेंढ्यांवरचा प्रयोगही असाच बोलका आहे. अमेरिकेत टेक्सास येथे थॉमस स्पेन्सर, फुलर बेझर आदींनी नवजात मेंढ्यांना काही आठवडे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले. त्यामुळे त्यांच्या गर्भाशयात ग्रंथी वाढल्याच नाहीत. मोठेपणी त्या मेंढ्यांचे गर्भ टिकेनात.

एवढ्यावरून कोणी हुरळून जाऊ नये. लिफ टोचले की वंध्यत्व मिटेल, असे वाटून वारंवार गर्भ न रुजलेल्या स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि फायदा दिसला नाही. उंदराचे उत्तर स्त्रीला जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून ‘अस्तराचे टॉनिक’ म्हणून कोणी काही विकू लागला, तर पैसे देण्याआधी दहा प्रश्न विचारावेत.

प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याची किमया आता सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी असे पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते साधले, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान मिळाला नाही. शास्त्रीय नोंदींसह भारतातले पहिले मूल ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, गिरणगावातल्या परळच्या केईएम रुग्णालयात जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे ते यश. पण त्या किमयेतही काचेच्या बशीचे काम काही दिवसांपुरतेच आहे. फलन बशीत होते, आणि मग गर्भ परत गर्भाशयात ठेवावा लागतो. तो रुजेल की नाही, यात अस्तराचा वाटा असतोच. बीज सुटल्यावर सामान्यतः आठव्या ते दहाव्या दिवशी गर्भ रुजतो, आणि उशीर झाला तर तो गळून जाण्याचा संभव वाढतो, असे १९९९ साली ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले. अस्तराचे दार ठरावीक दिवसच उघडे असते. अशा स्थितीत मूल राहिले नाही म्हणून सुनेला वांझ म्हणणाऱ्यांना इतकेच सांगावेसे वाटते की, जिथे जगातले शास्त्रज्ञ अजून पेशी-पेशी तपासत आहेत, तिथे निकाल द्यायला ओसरीवरचे लोक अधिकारी नव्हेत.

आता त्या नुकसानीकडे वळतो. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, आणि खाडा परवडत नाही. अंगावरून जास्त जाऊ लागले, पोट दुखू लागले की ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला मिळतो, आणि ‘नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती जोडीला असते. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळजवळ दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर सुमारे ३ टक्के होते.

यावर एक प्रामाणिक शंका निघेल. मुले झालेल्या बाईला गर्भ रुजवणाऱ्या प्रथिनांचा काय उपयोग? त्या प्रथिनांचा नाही, हे कबूल. पण अस्तर हे आपल्या जागी काम करणारे खाते आहे, हे कळले की बिघाडही त्याच जागी शोधता येतो. रक्ताची गाठ विरघळवणारे एक प्रथिन अस्तर स्वतः तयार करते, त्यामुळे पाळीचे रक्त सहसा गोठत नाही. ज्यांना अतिस्राव होतो त्यांच्यापैकी अनेकींत त्याचा जोर जास्त असतो. त्याला आवर घालणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे औषध जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधून १९६२ साली जगापुढे ठेवले. त्याच्या गोळ्या पाळीच्या मोजक्या दिवसांत घेतल्या की स्राव पुष्कळ कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे गर्भाशयात बसवायची, संप्रेरक झिरपवणारी तांबी. ती १९९० साली प्रथम फिनलंडमध्ये आली. ती अस्तरावर जागच्या जागी परिणाम करून ते पातळ ठेवते आणि स्राव खूपच घटवते. ती वापरणाऱ्या स्त्रियांत ग्लायकोडेलिन महिन्याच्या मध्यालाही आढळते, असे सेप्पाला यांच्याच गटाने १९९७ साली नोंदवले. गर्भ राहू न देण्यात त्याचाही हात असावा, असे त्यांनी सुचवले. ही औषधे सर्वांना चालतात असे नाही, रक्ताच्या गाठीचा त्रास असलेल्यांना तर जपावेच लागते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती घेऊ नयेत. कर्करोग, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी शस्त्रक्रिया लागते, तेही आम्ही नाकारीत नाही. पण गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ही किंमत आधी सांगितली गेली पाहिजे.

एक साचा बिघडला म्हणून कामगार गिरणी पाडा म्हणत नाही. मालकांनी गिरण्या पाडल्या ती गोष्ट वेगळी, आणि तिची कारणेही वेगळी. साचा तपासतात, सुटा भाग बदलतात, त्यानेही जमले नाही तरच पुढचा विचार करतात. आमच्या भगिनींना एवढेच शिकवायचे आहे की टेबलावर झोपण्याआधी तीन गोष्टी विचारा. रोग नेमका काय, त्याचा लेखी तपास कुठे आहे? गोळ्या किंवा तांबी देऊन पाहिली का? बीजकोश ठेवणार की काढणार? उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे, सरकारी रुग्णालयात जा. आणि संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात मजुरीच्या दराशेजारी पाणी, आडोसा आणि पाळीच्या दिवसांचा खाडा रद्द, ही कलमे घालावीत. शरीराच्या आतले खाते आपले काम चोख करीत असते. ते चालू राहील अशी बाहेरची व्यवस्था करणे हे आपले काम आहे.